ठिणगी शोधणारी माणसे : गोसीखुर्द परिसरातल्या पेट्रोल ट्रकांचा एक न लिहिलेला इतिहास



स्नेहमेळाव्याच्या स्मरणिकेसाठी आपल्या भागाच्या इतिहासावर काही लिही, असा समितीचा निरोप आला तेव्हा वाटले, हे काम इतिहासाच्या मास्तरांचे. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये उत्खनन झाले आणि प्राचीन स्तूप उजेडात आला, त्यावर अधिकाराने लिहिणारे आपल्यात आहेत. गोसीखुर्दच्या धरणावर तर ज्याच्या शेतावरून, घरावरून पाणी गेले तो प्रत्येकजण लिहू शकेल. मी १९७१ साली अकरावी मॅट्रिक झालो, पवनीच्या एका गॅरेजात हात काळे केले, मग आयटीआय केले आणि पुढची सगळी नोकरी मोटार मेकॅनिक ट्रेडच्या मुलांना शिकवण्यात गेली. त्यामुळे माझ्या हाताला जो इतिहास लागला तोच लिहितो.

हा इतिहास ठिणगीचा आहे. जुना पेट्रोल ट्रक सुरू होत नाही, ठिणगी कमजोर पडते किंवा येतच नाही, तेव्हा दोष नेमका कुठे आहे हे शोधून काढण्याची एक विद्या आपल्या भागात काही दशके नांदली. ती उस्तादाकडून चेल्याकडे तोंडी जात राहिली. ज्यांच्याकडे ती होती त्यांतले बरेचजण शाळेची पायरीही चढले नव्हते. ही विद्या कधी संपली, हे कोणाच्या लक्षातही आले नाही. कोणत्याही गॅझेटियरात तिची नोंद नाही, म्हणून निदान आपल्या स्मरणिकेत तरी असावी.

पेट्रोलचे ट्रक आले कुठून?

आजच्या मुलांना ट्रक म्हटला की डिझेलच आठवते. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. सिलिंडरमधली हवा इतकी दाबली जाते की ती भट्टीसारखी तापते, आणि त्यात डिझेलचा फवारा गेला की तो आपोआप पेटतो. पेट्रोलच्या इंजिनाला मात्र दर वेळी आग लावून द्यावी लागते. ती लावण्याचे काम स्पार्क प्लगचे. स्वातंत्र्याच्या आधी आणि नंतरची बरीच वर्षे आपल्याकडचे बहुतेक ट्रक पेट्रोलवरच चालत.

जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला कारखाना काढून शेव्हरोलेट गाड्यांची जुळणी सुरू केली. फोर्डची जुळणीही देशात त्याच सुमारास सुरू झाली होती. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग झाले आणि अनेक गाड्यांच्या मागे लोखंडी पिंप बसवून कोळशाच्या गॅसवर त्या चालवल्या गेल्या. इंधन बदलले तरी ते पेटवायला ठिणगी लागायचीच. युद्ध संपल्यावर लष्कराचे फोर्ड, शेव्हरोलेट, डॉज ट्रक लिलावात निघाले. जुने लोक त्यांना 'डिस्पोजलची गाडी' म्हणत. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी स्थापन केली आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, डी सोटो आणि फार्गो गाड्या बाहेर पडू लागल्या. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एस.टी. धावली ती बेडफर्ड होती. त्या काळच्या एस.टी.च्या ताफ्यात शेव्हरोलेट, फोर्ड, स्टुडबेकर, मॉरिस, आल्बियन अशा निरनिराळ्या दहा कंपन्यांच्या गाड्या होत्या. दहा कंपन्या म्हणजे दहा तऱ्हेचे सुटे भाग. मिस्त्र्याला हे सगळे पाठ ठेवावे लागे.

आपला भंडारा जिल्हा तेव्हा महाराष्ट्रात नव्हता. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण जुन्या मध्य प्रदेशात होतो, मग द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. त्यामुळे आपल्या गाड्या नागपूरबरोबर जबलपूरकडूनही येत. जबलपूरच्या लष्करी कारखान्यात साठच्या दशकापासून निसानच्या परवान्याने एक टनी 'कॅरियर' आणि 'जोंगा' तयार होत. दोन्हींचे इंजिन सहा सिलिंडरचे आणि पेट्रोलचे. लष्करातून निवृत्त झालेल्या या गाड्या लिलावात घेऊन जंगलातल्या कामाला लावणारे ठेकेदार आपल्याकडे होते. धान, तांदूळ, बांबू, तेंदूपत्ता, तुमसरकडचे मँगनीज, असा सगळा माल या गाड्यांनी वाहिला. सुटे भाग नागपुरातून येत आणि कधी कधी पवनी रोड स्टेशनवर थांबणाऱ्या छोट्या रेल्वेनेही येत.

'डेल्को' हा शब्द

आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या मिस्त्र्याला डिस्ट्रिब्युटर म्हटले तर तो क्षणभर विचारात पडेल, पण 'डेल्को' म्हटले की लगेच हात पुढे करील. हा शब्द मी गॅरेजात पहिल्याच दिवशी ऐकला, आणि तो कुठून आला हे कळायला बरीच वर्षे लागली.

अमेरिकेत ओहायो राज्यात चार्ल्स केटरिंग नावाचा एक माणूस होता. काही काळ त्याने खेड्यातल्या शाळेत शिक्षकाची नोकरी केली होती. पुढे तो इंजिनियर झाला आणि १९०९ च्या सुमारास डेटन गावी त्याने 'डेटन इंजिनियरिंग लॅबोरेटरीज कंपनी' काढली. या नावाची आद्याक्षरे जोडून झाले डेल्को. बॅटरीवर चालणारी त्याची ठिणगीची व्यवस्था १९१० मध्ये कॅडिलॅक मोटारीत आली आणि पुढची साठ-सत्तर वर्षे जगभरच्या पेट्रोल गाड्या थोड्याफार फरकाने त्याच व्यवस्थेवर चालल्या. आपल्या गॅरेजात कॉइल आणि डिस्ट्रिब्युटर लुकासचा असो की बॉशचा, तो 'डेल्को'च. एका खेड्यातल्या मास्तराच्या कंपनीचे नाव वैनगंगेच्या काठावर असे बोलीत रुजले, ही गोष्ट शाळेच्या स्मरणिकेत मुद्दाम सांगण्यासारखी वाटते.

ही व्यवस्था समजायला आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतली विजेची घंटा आठवा. गुरुजी बटण दाबत, हातोडी घंटेवर आपटे, आणि त्याच वेळी स्क्रूच्या टोकाशी एक बारीक निळी ठिणगी दिसे. 'ती ठिणगी कुठून येते?' असे गुरुजींनी वर्गाला विचारले होते. वेटोळ्यातला विद्युतप्रवाह अचानक तुटला की त्याचे चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि त्या धक्क्याने वीज उसळते. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. ट्रकच्या कॉइलमध्ये दोन वेटोळी असतात. जाड तारेच्या थोड्या वेढ्यांचे एक, आणि केसासारख्या तारेच्या हजारो वेढ्यांचे दुसरे. डेल्कोतले पॉइंट उघडले की पहिल्या वेटोळ्यातला प्रवाह तुटतो आणि दुसऱ्यात हजारो व्होल्टचा झटका तयार होतो. तो मधल्या जाड वायरने डेल्कोच्या टोपीत येतो, फिरणारा रोटर तो पाळीपाळीने एकेका प्लगला वाटतो. पॉइंटला जोडलेला छोटा कंडेन्सर त्यांच्यामधली ठिणगी शोषून घेतो, म्हणजे पॉइंट जळत नाहीत आणि प्रवाह झटकन तुटतो. सहा सिलिंडरचे इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे फिरत असेल तर या सगळ्याला सेकंदाला शंभर ठिणग्या द्याव्या लागतात.

तपासाचा क्रम

आमचे उस्ताद चौथीपर्यंतही शिकलेले नव्हते. पण त्यांचा तपासाचा क्रम इतका पक्का होता की पुढे आयटीआयमध्ये मी तोच फळ्यावर लिहून शिकवला. ते म्हणत, "पोट्या, आधी करंट पाय, मंग पेट्रोल पाय. अन् एका टायमाले एकच चीज बदल. दोन बदलल्या तं कोनती खराब होती हे देवालेई समजनार नाही." गॅरेजच्या भाषेत ठिणगीला करंटच म्हणत.

पहिली पायरी प्लगची. प्लग खोलून नाकाशी धरायचा. ओला असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल पोचते आहे, पेटत नाही. कोरडा ठणठणीत असेल तर आधी पेट्रोलची वाट तपासायची.

दुसरी पायरी वायरची. प्लगची वायर काढून तिचे टोक इंजिनाच्या उघड्या लोखंडापासून थोडे दूर धरायचे आणि क्लीनरला हँडल मारायला सांगायचे. किती दूर? उस्तादांचे माप धानाच्या दाण्याचे होते. एक दाणा लांबीला जेवढा, तेवढे अंतर. ठिणगी निळी आणि 'चट्' असा आवाज करणारी असेल तर तब्येत चांगली. पिवळी, लालसर, बारीक दोऱ्यासारखी असेल तर आजारी. वायर धरताना कोरडे फडके किंवा लाकडी चिमटा हवा, नाहीतर झटका कोपरापर्यंत जातो.

प्लगपाशी ठिणगी नाही, तर तिसरी पायरी. डेल्कोच्या टोपीतली मधली वायर काढून तिची तशीच परीक्षा घ्यायची. इथे निळी ठिणगी आली आणि प्लगपाशी येत नाही, तर चोर या दोन जागांच्या मध्ये आहे. टोपी, रोटर किंवा वायरी. टोपी उघडून आतून उजेडात धरली की कधी केसासारखी काळी रेघ दिसे. तडा गेला की वीज त्या वाटेने लोखंडात उतरते, जळलेल्या कोळशाची रेघ तयार होते आणि मग ठिणगीला तीच सोपी वाट सापडते. अशी टोपी धुऊन उपयोग नसे, बदलावीच लागे.

मधल्या वायरलाही ठिणगी नाही, तर चौथी पायरी, आणि ही मला सगळ्यांत हुशारीची वाटत आली. उस्ताद केबिनमध्ये जाऊन अँपियरच्या काट्याकडे बघत बसत. चावी चालू, बाहेर क्लीनर हँडल फिरवतो आहे. पॉइंट मिटले की काटा थोडा 'डिस्चार्ज'कडे झुकला पाहिजे, उघडले की शून्यावर आला पाहिजे. काटा असा नाचत असेल तर कॉइलच्या पहिल्या वेटोळ्यात प्रवाह येतो-जातो आहे. दोष मग कंडेन्सरमध्ये, कॉइलमध्ये किंवा त्या जाड वायरीत. काटा शून्यावर मेल्यासारखा पडून असेल तर प्रवाहच येत नाही. वायर तुटली, चावी खराब, किंवा पॉइंटवर मळ बसला. काटा डिस्चार्जला चिकटून राहिला तर पॉइंट उघडतच नाहीत किंवा वायर कुठेतरी बॉडीला लागली आहे. एकही पाना न लावता, केबिनमध्ये बसल्या बसल्या, आजार तीनपैकी कोणत्या कुळातला हे कळत असे.

पॉइंटमधले अंतर मोजायला फीलर गेज नसे. मग दाढीच्या ब्लेडची पाती कामी येत. एक पाते साधारण एक दशांश मिलिमीटरचे. गाडीप्रमाणे चार किंवा पाच पाती एकत्र धरून सरकवली की माप बऱ्यापैकी जमून येई. पॉइंट निळे पडून जळलेले दिसले तर कंडेन्सरवर संशय. दुसऱ्या चालू गाडीतला कंडेन्सर लावून बघायचा, तपास झाला की ज्याचा त्याला परत. डेल्कोच्या आत जमिनीला जोडणारी एक छोटी लवचिक तार असते. ती आतून तुटली तर बाहेरून धड दिसते, पण गाडी कधी चालते, कधी बंद पडते. असल्या लपलेल्या दोषात नवशिके दोन-दोन दिवस घालवत. उस्ताद ती तार आधी हलवून बघत.

प्लगच्या वायरी कोणत्या क्रमाने लावायच्या, हा आमचा पाढा होता. एक-पाच-तीन-सहा-दोन-चार. डॉज, फार्गो, शेव्हरोलेट, बेडफर्ड, सहा सिलिंडरच्या या सगळ्या गाड्यांना हाच क्रम. दोन वायरींची अदलाबदल झाली की इंजिन मागे फटाके वाजवी.

एक परीक्षा तर शाळेच्या पेन्सिलीने होई. बॅटरीच्या तारा उलट्या लावल्या गेल्या की कॉइलची दिशा उलटते. गाडी चालते, पण प्लगला ठिणगी टाकायला जास्त जोर लागतो आणि चढावर गाडी मिस मारते. मग वायरचे टोक आणि प्लग यांच्या मध्ये पेन्सिलीचे टोकदार शिसे धरायचे. ठिणगीचा झोत पेन्सिलीपासून प्लगच्या बाजूला फुलला तर दिशा बरोबर, वायरच्या बाजूला फुलला तर उलटी. काही गाड्यांत बॅटरीची अधिक बाजू बॉडीला जोडलेली असे, काहींत उणे. त्यामुळे ही गल्लत नेहमीची.

वैशाखातली परीक्षा

आता आपल्या हवेचे सांगतो, कारण परदेशी पुस्तकांत ते नव्हते. मे महिन्यात भंडाऱ्याचा पारा पंचेचाळीसला टेकतो आणि नेमका तोच तेंदूपत्त्याचा हंगाम. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक गोणी. पहाटे अंधारात जंगलात जाऊन बायाबापड्यांनी तोडलेले पान फळीवर वाळवून पोत्यांत भरले जाई. हे पान भिजले तर बुरशी धरते, बिडीला चालत नाही. म्हणून पहिल्या वादळी पावसाच्या आधी माल गोदामात पोचला पाहिजे, एवढाच सगळ्यांचा ध्यास.

१९७३ च्या मे महिन्यात भिवापूरकडच्या रस्त्यावर पोत्यांनी भरलेला एक जुना फार्गो उभा दिसला. उस्ताद आणि मी दुसऱ्या गाडीचे काम आटोपून परतत होतो. ड्रायव्हर म्हणाला, पेट्रोल उकळते आहे. उन्हाळ्यात हे व्हायचेच. पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ धरली की इंजिन उपाशी मरते. तो पंपावर ओले पोते टाकी, वीस मिनिटे थांबे, गाडी सुरू होई, दोन-तीन किलोमीटर जाऊन पुन्हा बंद. दुपारपासून हेच चालले होते आणि पश्चिमेला आभाळ काळे होत होते.

उस्तादांनी त्याला थांबू दिले नाही. गाडी सुरू करून पुढे न्यायला सांगितली आणि आम्ही मागच्या डाल्यात चढलो. ती बंद पडताच त्यांनी उडी मारून बॉनेट उघडले. "थंडी झाल्यावर बिमारी लपते, गरम असतानीच पाहा लागते," असे ते म्हणाले. कार्बुरेटरच्या तोंडात बघत थ्रॉटल हलवले, तर पेट्रोलची पिचकारी आली. म्हणजे पेट्रोल होते. मधली वायर धरली, तर ठिणगी लाल आणि मरतुकडी. केबिनमधला काटा मात्र नाचत होता. कंडेन्सर बदलला, फरक नाही. राहिली कॉइल. ती इंजिनाला खेटून बसवलेली होती आणि तिच्यावर हात ठेववत नव्हता. तापली की आतल्या बारीक तारेवरचे आवरण दगा देई, निवली की पुन्हा शहाण्यासारखी वागे. वीस मिनिटांच्या थांब्यात पंपाबरोबर कॉइलही निवत होती, म्हणून पोत्याचा उपाय लागू पडल्यासारखा वाटे.

त्यांनी कॉइल सोडवून, वायर लांबवून, वारा लागेल अशी केबिनच्या पत्र्यावर बांधली आणि तिच्यावर ओले फडके गुंडाळले. क्लीनर दर थोड्या वेळाने त्यावर पाणी शिंपडत गेला. गाडी गोदामात पोचली आणि ताडपत्री बांधून होते न होते तोच गारा सुरू झाल्या. पोती कोरडी राहिली. दोन आजारांची लक्षणे तंतोतंत एक, पण धानाच्या दाण्याएवढ्या फटीत बघणाऱ्याला ते वेगळे दिसले. त्या पोत्यांमागे किती घरांची किती दिवसांची मेहनत होती, हे जंगलकाठच्या वर्गमित्रांना सांगायला नको.

हिवाळ्याचा त्रास वेगळा. जुन्या अमेरिकन गाड्या बहुतेक सहा व्होल्टच्या. पौषातल्या पहाटे इंजिनातले तेल घट्ट झालेले, सेल्फ मारला की तोच सगळी वीज खाई, कॉइलला उरतच नसे. म्हणून सेल्फने न लागणारी गाडी हँडलने लागे, कारण हँडलला वीज लागत नाही. क्लीनर होणे म्हणजे हँडल मारणे, आणि अंगठा हँडलच्या भोवती न घेता बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हा पहिला धडा. इंजिनाने उलटी लाथ मारली तर मनगट मोडते. पावसाळ्यात नाल्यातून गाडी काढताना डेल्कोत दमट शिरे. टोपी पुसून चुलीच्या उबेवर सुकवायची आणि जुन्या ट्यूबचा तुकडा तिच्यावर टोपरे बांधल्यासारखा बांधायचा, हा आपला देशी इलाज.

ठिणगी विझली कशी?

१९५४ मध्ये जमशेदपूरला टाटांनी मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने डिझेल ट्रक काढायला सुरुवात केली. मद्रासकडून लेलँड आला. डिझेल स्वस्त, लिटरमागे अंतर जास्त. तरीही जुने पेट्रोल ट्रक चालत राहिले, कारण ते पदरी होते आणि त्यांना बरे करणारी माणसे जवळ होती. ऑक्टोबर १९७३ नंतर अरब देशांनी तेल अडवले, काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव चौपटीच्या आसपास गेला आणि पेट्रोल ट्रकचा हिशेब कायमचा बिघडला. मालकांनी जुन्या फार्गो-डॉजच्या पोटातले पेट्रोल इंजिन काढून पर्किन्सचे पी-६ डिझेल इंजिन बसवायला सुरुवात केली. डेल्को, कॉइल, वायरी भंगारात गेल्या.

२२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते गोसीखुर्द प्रकल्पाचे भूमिपूजन झाले. आपल्या भागाने कधी पाहिली नव्हती एवढी अवजड वाहने मग या मातीत आली. टिपर, डंपर, डोझर. मोटार मिस्त्र्यांना सोन्याचे दिवस यावेत असा तो काळ. पण त्या सगळ्या गाड्या डिझेलच्या होत्या. ज्यांनी आयुष्यभर ठिणगी शोधली त्यांच्यासाठी त्यांत काही काम नव्हते. काम होते ते पंप आणि नोझलचे, आणि त्याला यंत्रे व भांडवल लागे. बंगलोरच्या ज्या मायको कंपनीचे प्लग उस्तादांनी आयुष्यभर पुसले, तिचेच नाव डिझेल पंपांवर होते, पण ते खोलायचे साधन त्यांच्याकडे नव्हते. कोणी राजदूत आणि स्कूटरकडे वळले, कोणी नदीकाठच्या पेट्रोल-रॉकेलच्या पंपसंचांकडे. धरण उभे राहिले, तेहतीस दरवाजे लागले, २००९ मध्ये ते राष्ट्रीय प्रकल्प झाले. पाणी वाढत गेले तशी गावे उठली आणि रस्त्याकाठच्या झाडाखालची गॅरेजेही उठली. पुनर्वसनाच्या यादीत घर लिहिले जाते, झाड लिहिले जाते, विहीर लिहिली जाते. माणसाच्या हातातली विद्या लिहायला रकाना नसतो.

पुढे मोटारसायकलींतूनही पॉइंट गेले, इलेक्ट्रॉनिक इग्निशन आले. आता दोष संगणक सांगतो. ते वाईट आहे असे मी म्हणत नाही. शिकवताना मीही मुलांना स्कॅनर वापरायला सांगत असे. पण स्कॅनर सेन्सरचे नाव सांगतो, तरी वायर तुटली की सेन्सर मेला हे शेवटी हातानेच पाहावे लागते, आणि तिथे उस्तादांचाच क्रम लागतो. साखळीच्या एका टोकापासून सुरुवात करा, एका वेळी एकच कडी तपासा, आणि आजार अंगात असतानाच बघा.

गंमत अशी की ठिणगी ट्रकमध्ये परत आली आहे. सीएनजीवर धावणाऱ्या ट्रक आणि बसच्या इंजिनात गॅस पेटवायला पुन्हा स्पार्क प्लग बसले आहेत. डेल्को नाही, पॉइंट नाहीत, पण प्लग आहे, कॉइल आहे, आणि तापलेली कॉइल दगा देते हेही तसेच आहे. म्हणजे ही विद्या केवळ आठवणीपुरती राहिलेली नाही, कामालाही येईल.

म्हणून मेळाव्याच्या निमित्ताने एक विनंती करतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरी कोणी ड्रायव्हर, क्लीनर, मिस्त्री, ठेकेदार होते. कपाटात जुनी मॅन्युअल असतील, गाडीपुढे उभे राहून काढलेले फोटो असतील, परवाने आणि बिल्ले असतील. अडगळीत एखादी कॉइल किंवा डेल्कोची टोपी पडलेली असेल. ते भंगारवाल्याला देण्याआधी शाळेला द्या. प्रयोगशाळेतल्या एका कपाटात या वस्तू मांडून खाली त्या माणसांची नावे लिहू. हयात असतील त्यांना बोलावून मुलांपुढे एकदा प्लगची वायर धानाच्या दाण्याएवढी दूर धरायला लावू. विज्ञानाचा तो धडा मुलांना दहा पानांपेक्षा लवकर कळेल.

आपल्या विज्ञानाच्या गुरुजींनी घंटेतली ठिणगी दाखवून प्रश्न विचारला, आणि एका निरक्षर उस्तादाने त्याचे उत्तर फार्गोच्या बॉनेटखाली दाखवले. या दोन्ही शाळांचा मी विद्यार्थी आहे. दोघांनाही नमस्कार.